विरोधात एक

जयवंतकाका गेले त्याला आज एकवीस दिवस झाले. अशा वेळी वाचलेलं काही उपयोगी पडेल असं मला वाटायचं. पडत नाही.

ते आमच्या वरच्या, चौथ्या मजल्यावर राहायचे. बोळिंजमधली आमची सोसायटी जुनी, बत्तीस फ्लॅटची. काका तिचे सेक्रेटरी. त्याआधी राज्य सरकारच्या सहकार खात्यात चौतीस वर्षं लेखापरीक्षक. तपासणीला जाताना घरून पाण्याची बाटली न्यायचे. तिथला चहा कधी घेतला नाही. "चहा घेतला की आकडे मऊ दिसायला लागतात," म्हणायचे.

मी मराठीत एम. ए. करत होते तेव्हापासूनची आमची मैत्री. माझ्याकडून कादंबऱ्या न्यायचे आणि छपाईच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करून परत द्यायचे.

"गोष्ट कशी वाटली, काका?"

"चांगली आहे. पण पान एकशे चाळीसवर नायिकेचं नाव बदललंय."

गेल्या वर्षी लिफ्ट कायमची बंद पडली. आशालताकाकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. सात महिने त्या खाली उतरल्या नाहीत. निर्मळ गावाहून भाजी घेऊन येणारी शकू खालून हाक मारायची, आणि काकू गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायच्या.

नव्या लिफ्टसाठी प्रत्येक घराला पंचेचाळीस हजार येत होते. निम्म्या घरांना ते जमत नव्हतं. महापालिकेची निवडणूक येणार असं बोललं जाऊ लागलं, आणि इथले पुढारी, दादा, आले. दादांना आमच्या प्रभागातून उभं राहायचं होतं. पूर्ण लिफ्ट मी देतो, म्हणाले. फक्त सोसायटीचं लक्ष असू द्या.

सभा पार्किंगमध्ये झाली.

"लक्ष म्हणजे मतं," काका म्हणाले. "ही लाच आहे. देणाऱ्याची तशी घेणाऱ्याचीही."

खजिनदार मर्विन हसला. "काका, बाजूच्यांनी पेव्हर ब्लॉक घेतले. त्यापुढच्यांनी कॅमेरे. त्यांना कोण पकडून नेलं?"

"कोणी नाही."

"मग? तुम्ही रिटायर झालात, पण खातं काय तुमच्यातून रिटायर होत नाय. काकूंना तरी विचारलंत?"

दोघेतिघे हसले. काकांनी इतिवृत्ताची वही उघडली. मग म्हणाले, "मतदान घेऊ."

हात वर झाले. माझाही झाला. आईला दमा आहे. काकांनी पेनाने हवेत एकेक हात मोजला. माझ्यापाशी पेन थांबलं नाही. मग इतिवृत्तात स्वतःच्या सरळ अक्षरात लिहिलं : बाजूने सत्तावीस, विरोधात एक.

मी त्यांच्या मागोमाग चौथ्या मजल्यावर गेले. काकू दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"झालं मंजूर?"

"झालं."

"आणि तुम्ही?"

"विरोधात."

"मग मी त्यात बसू की नको?"

"तू बस. गुडघ्यांना आचारसंहिता लागू नाही."

काकू हसता हसता रडल्या. काका माझ्याकडे वळले. "हात वर केलास ते बरं केलंस. आईला बघ." त्यांनी मला माफी मागायलाही जागा ठेवली नाही.

दिवाळीच्या आधी लिफ्ट आली. आत आरसा, आरशावर दादांचा फोटो. पुढे आचारसंहिता लागल्यावर त्या फोटोवर खाकी कागद चिकटवला गेला. काकांनी सेक्रेटरीपद सोडलं. निवडणूक कार्यालयात तक्रार दिली. उत्तर आलं की उमेदवाराचा खर्च ठरलेल्या तारखेपासून मोजतात. हे काम त्याआधीचं आहे.

"म्हणजे ही लिफ्ट कुठेच नाही, विनू," ते म्हणाले. "आणि रोज वरखाली जातेय."

मग त्यांनी नियम बदलण्याची मागणी करणारं पत्र लिहायला घेतलं. निवडणुकीआधीच्या वर्षभरात सोसायट्यांना दिलेलं सगळं उमेदवाराच्या खर्चात धरा, इतकंच. मी टाइप केलं. सहा वेळा.

ते स्वतः लिफ्टमध्ये बसले नाहीत. बहात्तर वय, हृदयात एक स्टेंट. काकू मात्र रोज उतरू लागल्या. परतताना त्या लिफ्टने आणि काका जिन्याने. काकू प्रत्येक मजल्याचं बटण दाबायच्या. दार उघडलं की पायाने अडवून वाट बघायच्या.

"आलात?"

"आलो."

मग पुढचा मजला. मर्विन वैतागायचा. "काकू, टपाल वाटताय काय मजल्यामजल्यावर?"

दादा निवडून आले. फोटोवरचा कागद निघाला.

त्या दुपारी काका पत्र देऊन आले. काकू गेटपाशी थांबल्या होत्या. दोघं निघाले. पहिल्या मजल्यावर काका "आलो" म्हणाले. दुसऱ्यावरही म्हणाले. तिसऱ्यावर दार उघडलं. मला घरातून काकूंचा आवाज ऐकू आला. "आलात? अहो, आलात?"

मी बाहेर आले तेव्हा काकू त्या गुडघ्यांनी जिना उतरत होत्या. काका मधल्या वळणावर भिंतीला टेकून बसले होते. खिशात पत्राची पोच, वर गोल शिक्का.

मर्विनने आणि मी त्यांना लिफ्टमधून खाली नेलं. त्या लिफ्टमध्ये ते बसले ते तेवढंच. मर्विन सारखा "सॉरी काका, सॉरी" म्हणत होता. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

काल काकू मला खाली भेटल्या. आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो. त्यांनी एक, दोन, तीन, चार, सगळी बटणं दाबली. पहिल्या मजल्यावर दार उघडलं, मिटलं. दुसऱ्यावर उघडलं.

"मी थांबायचे ना प्रत्येक मजल्यावर," जिन्याकडे बघत त्या म्हणाल्या. "मला ताटकळत ठेवायला नको म्हणून ते भराभर चढायचे. हो ना गं?"

दार मिटलं. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा उघडलं. समोर माझं घर होतं. मी उतरले नाही.