पहिल्या ठोक्याआधी

कसब्यातल्या आमच्या तांबट आळीत निर्दय माणूस एकही नव्हता, आणि माझा सगळा त्रास त्यातूनच झाला. दारात आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. त्यातून मागणारा माझा नवरा, मोहिमेवरून परतलेला, गाल बसलेले, हात थरथरणारे. मग डबी उघडायची आणि मोहरीएवढी अफू त्याच्या तळहातावर ठेवायची. प्रत्येक घराला वाटायचं, आपण एवढीशीच तर दिली.

डबी घरोघरी असायची. बायकांना भट्टीचा भाता ओढायचा असे, चिंच लावून भांडी उजळायची असत. तान्ह्या पोरानं तेवढा वेळ निजायला हवं, म्हणून दुधात अफूचा कण उगाळून बोटानं चाटवायचा. सासूबाईंनी यांना असंच वाढवलं. मीही अशीच वाढले असेन. त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं.

हे फौजेबरोबर गेले होते ते भांड्यांच्या कामाला, लढायला नव्हे. एवढ्या माणसांचं रांधायचं म्हणजे हंडे लागतात, हंडे चेपतात, फुटतात, आणि ते सारखे करायला तांबट लागतो. परत आले ते हातीपायी धड. आळीनं ओवाळलं, गोडधोड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी मठाराचं काम सुरू झालं, म्हणजे भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके पडू लागले, आणि हे कानांवर हात दाबून भिंतीशी खाली बसले. ‘पाणी, पाणी’ असं पुटपुटत होते. मी तांब्या पुढे केला तर त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तांबटाला ठोक्याची भीती! आळी महिनाभर हसली. शेजारचा म्हातारा तांबट जिभेचा फार तिखट. मला म्हणाला, “सूनबाई, आम्ही आता कापसावर ठोकत जाऊ का? सांग म्हणजे झालं.”

हसून झाल्यावर उपाय सुरू झाले. लिंबं उतरवली, नारळ वाहिले, कोणाकोणाचे अंगारे लावले. बाहेरची बाधा आहे यावर सगळ्यांचं एकमत. आणि सल्लाही एकच: विसरून जा म्हणावं. काय विसरायचं, ते मी विचारून विचारून थकले. अफू घेतली की ठोके लांब जातात, एवढंच हे एकदा म्हणाले. त्यांची हातोडी कोपऱ्यात पडून होती. तिचं मला काही नव्हतं. मला माझा नवरा परत हवा होता, आणि समोर बसायचा तो दुसराच कोणीतरी, पापण्या जड झालेला.

शेवटी मी नारायण पेठेतल्या वैद्यबुवांना गाठलं. ते म्हणाले, “एकदम तोडू नका बाई, शरीर सोसणार नाही. थोडी थोडी उतरवत न्या. डबी एकाच हाती ठेवा, दुसऱ्या कोणी कणभरही देता कामा नये. आणि त्यांना बोलतं करा.”

तेव्हापासून माझं दारोदार फिरणं सुरू झालं. हौदावर पाण्याला गेले की बायकांना सांगायचं, “आमच्या यांना अफू देऊ नका हो.” एक म्हणाली, “नवऱ्याची अब्रू अशी वेशीवर टांगतेस?” मी म्हटलं, “टांगलेली अब्रू खाली काढता येते, गेलेला माणूस आणता येत नाही.” मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पण घरी येऊन रडले. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. दारात उभं राहायचं, तेच वाक्य, तीच लाज. हळूहळू अफूची दारं बंद झाली. वैद्यबुवांनी ठरवलेली मात्रा मी पदराच्या गाठीत ठेवायची आणि स्वतःच्या हातानं द्यायची.

मात्रा उतरत गेली, गुंगी काही उतरेना. मी जाऊन वैद्यबुवांना बोल लावला. ते शांतपणे म्हणाले, “कुठलं तरी दार उघडं राहिलंय.” मी पुन्हा सगळ्या आळीशी भांडून आले.

एकदा दुपारी हौदाला पाणी नव्हतं, म्हणून रिकामी घागर घेऊनच परतले. ओटीवर सासूबाई बसल्या होत्या. यांचं डोकं त्यांच्या मांडीवर. दाढी वाढलेला, बाप्या माणूस. सासूबाईंनी दुधात बोट बुडवलं, उगाळलेली अफू त्यावर घेतली आणि तान्ह्या पोराला चाटवावी तशी यांच्या तोंडात घातली. जवळच पितळेची जुनी डबी उघडी होती.

“सासूबाई, हे काय करताय?”

त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, “रडत होता गं. लहानपणी रडला की हेच द्यायचे मी. आईनं रडू द्यायचं का?”

माझं डोकं असं फिरलं की घागर भिरकावणार होते. पण त्यांच्या दुसऱ्या हाताकडे लक्ष गेलं. तो पदरानं यांचे डोळे पुसत होता. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

“रडू द्या,” मी म्हटलं. “एकदा काय ते सगळं रडू द्या. मी इथं बसते. तुम्हीही बसा.”

सासूबाईंनी दुधाचं बोट पदराला पुसलं. मग डबी मिटून त्यांनी माझ्या ओटीत टाकली.

पुढचे दिवस आठवले तरी अंग दुखतं. मात्रा आता खरोखर उतरू लागली होती. उलट्या, जुलाब, अंगावर काटा, आणि आम्हा दोघींना शिव्या. आई म्हणून हाक मारत मागायचे, तेव्हा सासूबाई तोंड फिरवायच्या, पण जागच्या हलायच्या नाहीत. एका सकाळी आळीत पहिला ठोका पडला आणि हे किंचाळले. सासूबाईंनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, “काय ऐकू येतं रे तुला? मला सांग.”

मला जे कधी सांगितलं नाही, ते त्यांनी आईला सांगितलं. फौज माघार घेत होती. छावणी अजून जागेवरच आहे असं शत्रूला वाटावं म्हणून यांना मागे ठेवून हंडा ठोकत राहायला सांगितलं. ज्यांना चालवत नव्हतं ते जखमी तिथंच पडले होते. ठोके ऐकून त्यांना वाटलं, आपली माणसं आहेत अजून. ते पाणी मागत राहिले. हे ठोकत राहिले. मग इशारा आला आणि हेही निघाले. “आई, ठोका थांबला तेव्हा त्यांना कळलं असेल गं,” म्हणाले, आणि मोठ्यानं रडले. आम्ही रडू दिलं.

शेजारचा म्हातारा विस्तव मागायला आला होता. दारातच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. विस्तव न घेताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोक्याच्या आधी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, “आहोत रे, इथंच आहोत!” मग ठोका पडला. हे दचकले, पण बसून राहिले. चार दिवसांनी पलीकडच्या घरानंही तसंच केलं. पुढे सगळी आळीच करू लागली.

हे बरे झाले असं मी म्हणणार नाही. भांडी घडवायला पुन्हा बसले नाहीत. कोपऱ्यात बसून कल्हई करायचे, तिला ठोका लागत नाही. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस त्यांची नजर डबी शोधत फिरायची आणि मी त्यांच्या मागे. पण माझ्याशी बोलायचे. हौदावर मी अजून बायकांना सांगते, पोरांना अफू चाटवू नका. काहींनी सोडली. बाकीच्या म्हणतात, मग भाता कोण ओढणार, तू? सांगून सांगून मी दमले आहे.

हे गेले, सासूबाई गेल्या, तो म्हाताराही गेला. भट्टीवर आता नवी माणसं बसतात. कोणासाठी ओरडायचं ते त्यांना ठाऊक नाही, पण पहिल्या ठोक्याआधी ओरडतात, “आहोत रे, इथंच आहोत!” मला आता लवकर उठवत नाही. तरी अंथरुणातून मी ओ देते. कोणीच ओ दिली नाही, तर उगाच त्या ओरडणाऱ्यांना वाटायचं, इथं कोणी राहिलं नाही.