बाळदादाने मला विचारलं नाही

वहिनीचा फोन आला तेव्हा मी करी रोडच्या दुकानात फ्रीझरच्या कडांना धरलेला बर्फ खरवडत होते. "मालू, हे गेले गं..." एवढंच ती बोलली. माणूस आंघोळीला गेला, तिथेच हार्ट अटॅक आला. बाळदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, आणि 'सुमती फ्रोझन'च्या पाच दुकानांचा मालक. खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता त्याला सांगायचं राहिलंच. त्याच्याशी मी एक खोटं बोलले होते आणि सहा वर्षं आज सांगू, उद्या सांगू करत होते.

दादा आधी माझगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. परदेशी जाणारी कोळंबी तिथे गोठवत. ते बंद पडलं तेव्हा त्याने तिथलाच एक जुना डीप फ्रीझर विकत घेतला आणि लालबागला, चाळीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात मांडला. दुकानाला मावशीचं नाव दिलं आणि पहिली तक्रार मावशीनेच केली. "मेल्या, बाजारात ताजो बांगडो गावता, ह्यो बर्फातलो कोण खातलो?" आमच्याकडे कालचा भातसुद्धा शिळा, तिथे महिन्याचे मासे! पहिलं वर्ष माशांपेक्षा मटारच जास्त खपले. पण सुनांना ऑफिसं होती. सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, खवलेलं खोबरं... सासवा नाकं मुरडत राहिल्या आणि सुना पिशव्या भरत राहिल्या. मग परळ झालं, दादर, गिरगाव झालं, आणि टॉवर उभे राहिल्यावर करी रोड. ते त्याने माझ्या हाती दिलं. माझा नवरा नुकताच गेला होता, मुलगी अकरावीत होती. त्या दुकानावर आमचं घर चालणार होतं.

दादा म्हणजे काळजीचं गाठोडं. लग्नाच्या पंगतीतून उठून फोन करायचा, "लाईट आहेत ना?" त्याचा कायदा एकच. चार तासांपेक्षा जास्त लाईट गेले तर माल फेकायचा आणि त्याला कळवायचं. लपवलं तर त्या दिवसापासून काम बंद. परळच्या दुकानातल्या एका जुन्या माणसाला त्याने ह्याच कारणावरून काढलं होतं. तो माणूस पाया पडला तरी दादा बधला नाही.

माझ्या दुकानाला तीन महिने झाले असतील. बाजूच्या टॉवरच्या खोदकामात केबल तुटली आणि सकाळीच लाईट गेले. नायगावला बहिणीकडे हळदीकुंकू होतं, मी दुकान बंद करून तिच्या मदतीला गेले. संध्याकाळी परत येऊन बघते तर लाईट नुकतेच आलेले आणि फ्रीझरचं काचेचं झाकण वीतभर उघडं. घाईत मीच तसं ठेवलं होतं. तेवढ्यात दादाचा फोन. "किती वेळ गेले होते गं?" भरलेला फ्रीझर होता, सगळा फेकावा लागला असता. एवढ्यात दुकान सांभाळता येत नाही म्हणाला तर? मी म्हटलं, "अर्धा तास."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. कोळंबीचं पाकीट उचलून त्याने कानाशी हलवलं. नीट गोठलेली कोळंबी सुटी असते, गोट्यांसारखी वाजते. ही एकदा बर्फ वितळून पुन्हा गोठलेली, तिचा एकच गोळा झालेला. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता विचारणार. त्याने विचारलं, "किती पाकिटं गेली?" सकाळपासून अकरा विकली गेली होती. आम्ही दोघं चाळींचे जिने चढलो, टॉवरच्या वॉचमनच्या हातापाया पडलो. दहा पाकिटं परत मिळाली, ती फ्रीझरमधल्या उरलेल्या मालासकट फेकली. अकरावं नेणारी मुलगी मला ओळखीची नव्हती, नुसती तिची ऑफिसची बॅग आठवत होती. पुढचे चार दिवस दादा आसपासच्या दवाखान्यांतून विचारत फिरला, उलट्या-जुलाबाचं कोणी आलं का... दाढी वाढलेली, जेवणावर लक्ष नाही. पाचव्या दिवशी ती मुलगी हसत दारात उभी! "काका, ती कोळंबी मस्त होती, अजून आहे?" दादा स्टुलावर बसला आणि आमच्या दोघींसमोर ढसाढसा रडला.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी माझ्या दुकानातून कोळंबीचं एक पाकीट घरी न्यायचा. वहिनीला आवडतं म्हणायचा. आणि रोज सकाळी त्याचा फोन आल्याशिवाय मी दुकान उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद. बाकीच्या चार दुकानांना असा फोन जात नव्हता. मला त्याचा राग यायचा. एकदा चुकले म्हणून काय जन्मभर पाळत ठेवणार? वर तो विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीकडे गेले होते. न राहवून तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं गं. ते पाकीट ते स्वतः खायचे. रात्री खायचे, सकाळी पोट ठीक असलं की तुला फोन."

"रोज? श्रावणातसुद्धा?"

"मी भांडले की! म्हणाले, श्रावणात विकतो तर श्रावणात खायला नको? मी म्हटलं, त्यापेक्षा मालूला एकदा सरळ विचारा ना. तर म्हणाले, विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग मला तिला काढावं लागेल."

मला तिथे बसवेना. निघताना वहिनीने तिच्या फ्रीजमधून एक पाकीट काढून दिलं. दादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी नेलेलं, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं.

श्रावण चालू आहे. मी ते शिजवलं आणि खाल्लं. सकाळी उठल्यापासून सगळं लक्ष पोटाकडे. जरा कुठे गुडगुडलं की हातातलं काम थांबायचं. चहा प्यायले आणि तो पोटात ठरतो का, ते बघत ओट्याशी उभी राहिले. मुलीने विचारलं, "आई, काय होतंय तुला?"

सहा वर्षं रोज सकाळी असा बसायचास का रे, दादा?