जमनाची गोळी आणि माळ्यावरचे बोंबील

माझ्या मोठ्या जावेला, जमनाला, नक्की काय झालं होतं हे मला आजही धड सांगता येत नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं माझं पाठ आहे. पण ते आठवायला बसलं की शेवटी डोक्यात गुंताच होतो, आणि गुंता झाला की मला राग येतो.

गोष्ट चौसष्ट सालची. मुरब्यात आमचं मच्छीमारांचं घर. सासू सोमी, थोरले दीर नामदेव, त्यांची बायको जमना, आणि मी पुष्पलता व माझा नवरा. मी वडराईची, सातवी पास. त्यामुळे घरात काही समजेनासं झालं की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, जणू सातवीच्या पुस्तकात जगातलं सगळं छापलेलं असतं.

जमना म्हणजे घराचं इंजिन. नामदेव मासळी आणायचे, पण ती विकायची जमनाने. डोक्यावर टोपली घेऊन खाडी ओलांडायची, सातपाटीला एसटी धरायची आणि पालघरच्या बाजारात बसायची. गिऱ्हाईकाने सरंग्याचे कल्ले उचलून पाहिले की ही म्हणायची, "लगीन लावायचंय काय त्याचं?" लोक शिव्या खायला तिच्याकडे यायचे असं माझा नवरा म्हणायचा.

ही बाई दिवाळीनंतर गप्प झाली. घरात कोणी गेलं नव्हतं. तिची पोरं ठणठणीत, होडी शाबूत, नवरा न पिणारा. तरी ती भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच. जेव म्हटलं तर म्हणायची, "तोंडात वाळू घातल्यावानी लागतं." गावातल्या बाया येऊन खोदून खोदून विचारायच्या, सासू छळते का, नवऱ्याने कोणी ठेवली आहे का. एकीने तर माझ्यासमोर विचारलं की धाकट्या जावेचा जाच आहे का. तिला मी दारापर्यंत पोचवून आले. कारण मिळाल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही, आणि इथे कारणच नव्हतं. नारळ फोडून झाले, अंगारा लावून झाला. एक दिवस भरतीच्या वेळी ती खाडीत छातीभर पाण्यात उभी असलेली नामदेवांनी पाहिली. त्यांनी तिला ओढून बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. नव्या निघाल्यात म्हणाला, रोज घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, आणि हो, चीज खायचं नाही. नामदेवांनी मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी तिथल्या शिपायाला विचारलं, चीज म्हणजे काय. शिपाई म्हणाला, दुधाचं असतं, सायबलोक खातात.

झालं. सासूने घरातलं दूधच बंद केलं. आमच्याकडे दूध असायचं तरी किती, चहाचा रंग बदलण्यापुरतं. तेही गेलं. शेजारच्या बारशाची खीर जमनाच्या हातातून काढून घेतली. पथ्य एवढं कडक पाळलं की सगळं घर काळा चहा प्यायला लागलं. मला तो चहा अजून आवडत नाही.

गोळीने पहिले काही आठवडे काहीच केलं नाही. मग एके सकाळी जमनाने उठून स्वतःचे केस विंचरले. पुढे ती अंगणात आली. वैशाखात एकदा दारावर आलेल्या बोहारणीशी तिचं असं कडाक्याचं भांडण झालं की आम्ही सगळे बाहेर येऊन ते कौतुकाने ऐकत उभे राहिलो. नामदेवांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर त्या बोहारणीला ओवाळावंसं वाटलं.

आणि मग पावसाळा लागला. होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे ताजी मासळी नसते, माळ्यावरची सुकी काढायची. आमच्या सासूचे बोंबील गावात नावाजलेले. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, ती ते खडखडीत वाळवायची आणि टोपल्यांतून माळ्यावर रचायची. पण पावसात कितीही झाकलं तरी त्यांना ओल धरते, ते मऊ पडतात, वास उग्र होतो. तसले बोंबील निखाऱ्यावर भाजले की अशक्त माणसाला ताकद येते, असं सासूचं ठाम मत होतं.

पावसाळ्यातच जमनाला झटके सुरू झाले. मानेच्या मागून ठणका उठायचा, डोकं फुटतंय असं व्हायचं, छाती धडधडायची, अंग घामाने भिजायचं. तासा-दोन तासांनी उतरायचं. उतरलं की सासू म्हणायची, "पोरगी पार गलून गेली," आणि आणखी एक बोंबील भाजायची.

काय समजायचं? गोळी रोज होती, झटका रोज नव्हता. सोमवारी ती शंकराचा उपास धरायची, त्या दिवशी झटका कधीच यायचा नाही. सासूला वाटलं देव राखतो. मला वाटलं, देव राखतो तर फक्त सोमवारीच का राखतो. गोळी वाईट म्हणावी तर तिनेच बाईला उठवलं होतं. गोळी चांगली म्हणावी तर हे काय होतं? विचार करून करून माझंच डोकं ठणकायला लागलं, आणि सासूने मलाही बोंबील दिला.

नामदेव घाबरले. म्हणाले, गोळी बंद करू. जमनाने गोळ्यांची डबी पदरात घट्ट धरली आणि म्हणाली, "ती बंद नाय करायची. आदी पालघरला सावे डॉक्टरला दाखवा." म्हणून आम्ही चौघं, सासू, नामदेव, जमना आणि मी, भर पावसात उतारूंच्या होडीने खाडी ओलांडून एसटीने पालघरला गेलो. दवाखान्यात ही गर्दी. सासूने फडक्यात भाकरी आणि भाजलेले बोंबील बांधून आणले होते. बाकावर बसूनच जमनाला खायला घातले. आमचा नंबर लागला आणि डॉक्टरांसमोर बसताच जमनाने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

सावे डॉक्टर शांत माणूस, पण रक्ताचा दाब मोजताना त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा मोजला. तिला आडवं केलं, सुई दिली, आणि गोळ्यांची डबी हातात घेऊन मोठ्याने विचारलं, "चीज कोणी दिलं हिला?"

"अवो, घरात दूध पण नाय," नामदेव म्हणाले.

"मग आत्ता काय खाल्लं?"

सासूने मोठ्या अभिमानाने फडकं पुढे केलं. डॉक्टरांनी उरलेला बोंबील उचलला, नाकाशी नेला, आणि फडकं बाजूला ठेवून दिलं. जमनाचा दाब उतरल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बसवून सांगितलं.

माणसाच्या शरीरात एक झाडूवाला असतो, ते म्हणाले. डोळ्यांना दिसत नाही, पण मेंदूत असतो, आतड्यात असतो, यकृतात असतो. मेंदूत काही द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे माणसाला उठावंसं, बोलावंसं वाटतं. झाडूवाला ती झाडून टाकत असतो. जमनाच्या मेंदूत ती कमी पडत असावीत, असा मोठ्या डॉक्टरांचा अंदाज. गोळी झाडूवाल्याचे हात बांधते. द्रव्यं शिल्लक राहतात, माणूस उठतो.

"मंग हे चांगलंच हाय की," नामदेव म्हणाले.

"पण आतड्यातल्या झाडूवाल्याचेही हात बांधले जातात," डॉक्टर म्हणाले. मुरलेल्या चीजमध्ये जंतू एक द्रव्य तयार करतात. ओल धरलेल्या मासळीतही तसंच होत असणार. तुमच्याआमच्या पोटात ते तिथल्या तिथे संपतं. हिच्या पोटात ते संपत नाही, रक्तात शिरतं, नसा आवळतात, दाब चढतो. "विलायतेतल्या मासिकात चीजचं वाचलं होतं. पालघरमध्ये चीज खातो कोण, म्हणून मीही सोडून दिलं. पुढच्या वेळी हिच्या मेंदूतली नस फुटेल. गोळी घ्यायची असेल तर सुका मासा तोंडात घालायचा नाही. बोंबील नाही, सुकट नाही, काही नाही."

सासू ताठ बसली. "माजे बोंबील कुजके?"

"कुजके नाहीत, आजी. तुम्हाला काही होत नाही ना? हिची गोळी आणि तुमचे बोंबील, दोघांचं जमत नाही एवढंच."

मला मात्र दुसरंच काही सुचत होतं. मी विचारलं, "डॉक्टर, मंग ती गप्प बसायची ती झाडूवाल्यामुले? आन् आता हसते ती गोलीमुले? यात जाऊबाय कुटं हाय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ते पुस्तकात नाही," ते म्हणाले. "मलाही कळत नाही." एवढं शिकून यांनाही कळत नाही, हे ऐकून मला धीर यावा की भीती वाटावी, हेही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. जमनाच्या ताटात भात आणि चिंचेचं सार. बाकीच्यांच्या ताटात बोंबील, कारण दुसरं कालवण करायला घरात होतं काय? भाजल्याचा वास सगळ्या घरात कोंडला होता. जमनाने दोन घास खाल्ले, नामदेवांच्या ताटाकडे पाहिलं, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. "मना एक बोंबील पायजे," म्हणाली. "नुसतं शेपूट द्या."

आमच्यातलं कोणीच घास उचलेना. सासूने पदराने नाक पुसलं. मला त्या डॉक्टरचा, गोळीचा, विलायतेचा, सगळ्यांचा संताप आला.

नामदेवांना ते पाहवेना. त्यांनी आपला बोंबील उचलून तिच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "बंद कर ती गोली. मी सांगतो. खा पोटभर, मंग काय व्हईल ते व्हईल."

जमना त्या बोंबलाकडे बघत राहिली. मग तिने तो दोन बोटांनी उचलून परत त्यांच्या ताटात ठेवला.

"गोली बंद केली तं बोंबील खायला मिलंल," ती म्हणाली. "पन मंग तो खावासा वाटनार नाय."