डाव्या भुवईचे फादर

आमच्या फादरांना चर्चमध्ये कधी आवाज चढवावा लागला नाही. बिशपांची मोठी मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना असो की कुणाचं लग्न, ते वेदीजवळच्या खांबाला लागून उभे राहत आणि डावी भुवई वर करत. बस्स! मेणबत्तीवाले चालू लागत, आम्ही कॉयरवाले गायचं थांबायचो, मोबाइल गुपचूप खिशात जात. बिशपांनी कधी उठायचं, कधी बसायचं, टोपी कधी काढायची, हे सगळं पाहायचं काम त्यांचं. अख्खं जबलपूर त्यांना भुवईवाले फादर म्हणायचं.

मूळचे अमरावतीकडचे. मिस्सा हिंदीत, पण माझ्याशी घरची मराठी. गाण्यात मी पुढे पळाले की नंतर हमखास ऐकवत, "मीनाबाई, काहून घाई करून राहिली? गाडी सुटून राहिली का तुझी?" मी रेल्वेत नोकरीला, त्यामुळे हा टोमणा ठरलेला.

एका नाताळला एक नेताजी मिस्सेच्या मध्येच हारतुरे आणि फोटोग्राफर घेऊन घुसले. बिशपांचा सत्कार करायचा म्हणे! फादरांची भुवई वर गेली. नेताजी जिथल्या तिथे थबकले, मुकाट्याने शेवटच्या बाकावर बसले आणि संपेपर्यंत हार मांडीवर घेऊन राहिले.

तरुणपणी फादर रोमला शिकायला होते. पोपच्या मिस्सेत पुस्तक धरून उभा राहिलेला माणूस हो! तिथले थांबवून घेत होते, तरी परत आले. यावरून आमच्या सदर भागातल्या मंडळींची जीभ फार चालायची. "वहाँ रुक जाते तो आज आर्चबिशप होते. यहाँ आके क्या बने?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. खुर्ची मिळाल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, हे यांना कुणी शिकवलं? फादर मात्र हसत. "तिथले सगळे शिस्तीतच चालतात बाई. मले काय काम? इथं लोकांना एका रांगेत चालवून दाखव म्हणा!"

एकदा बिशप ऐन वेळी टोपी काढायला विसरले. फादर खांबाआडून कधी आले, टोपी कधी उचलली, कधी परत गेले, माझ्याशिवाय कुणाला पत्ता लागला नाही. मी नंतर कौतुक करायला गेले तर माझ्यावरच चिडले. "तुले दिसलो का मी? मग चुकलं माझं. पूजा चालू असताना मी दिसलो की समजायचं, काम बिघडलं."

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी आणि आमच्या चर्चचे नवे मुख्य फादर भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. आमच्यात साध्या माणसाची शवपेटी पाय वेदीकडे करून ठेवतात, म्हणजे त्याचं तोंड वेदीकडे राहतं. धर्मगुरूची उलटी, तोंड लोकांकडे. "मले तुमच्यासारखं ठेवा," ते म्हणाले. "जिंदगीभर लोकांवर नजर ठेवली. कोण चुकून राहिलं, कोण बोलून राहिलं. वेदीकडे डोळे भरून पाहायचं राहूनच गेलं." नव्या फादरांनी त्यांचा हात हातात घेऊन "पक्का, फादर" म्हटलं. माझ्यासमोर म्हटलं.

आणि अंत्यविधीला जाऊन पाहते तर काय! पेटी उघडी, डोकं वेदीकडे, मानेखाली दोन उशा, म्हणजे तोंड नीट वर यावं. कशाला? तर मागच्या गॅलरीत कॅमेरा लावलेला. लाइव्ह! मी तडक नव्या फादरांना गाठलं. ते म्हणाले, "दीदी, बाहर के लोग देख रहे हैं. चेहरा तो दिखना चाहिए ना."

"आणि तुम्ही शब्द दिला होता तो?"

"अब रहने दीजिए, शुरू करना है."

रहने दीजिए! ज्या माणसाने तुम्हा सगळ्यांना वेदीपुढे उभं कसं राहायचं ते शिकवलं, त्याने आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही तुमच्या कॅमेऱ्यापुढे हलकी पडली? जिवंतपणी हो म्हणायचं आणि मेल्यावर उशा लावायच्या! लाज वाटली पाहिजे. मी हे सगळं मोठ्याने बोलणार होते, पण तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं. म्हणून कॉयरमधल्या चौघांकडे पाहिलं आणि भुवई वर केली.

चौघे उठले. उशा काढल्या, पेटी उचलली, फिरवली, पाय वेदीकडे करून ठेवली. कुणी अडवलं नाही. नवे फादर मान खाली घालून उभे राहिले.

कॅमेरावाला धावत खाली आला. "दीदी, फादर का चेहरा नहीं आ रहा!"

"भैया, ज़िंदगी भर नहीं आया," मी म्हटलं. "आज भी नहीं आएगा."

आणि त्यांच्या खांबाआड जाऊन उभी राहिले.