गाणं कुठवर आलं

नातवानं नव्या रेकॉर्डचं कव्हर उघडलं आणि त्या वासासरशी मला आमचं नागपूरचं घर आठवलं. पहिल्या पगारातून मी सीताबर्डीहून बाबांसाठी टेपरेकॉर्डर आणि त्यांच्या आवडत्या गाण्यांच्या कॅसेट आणल्या होत्या. आता खरखर नाही, सुई बदलायची कटकट नाही, म्हणून मी खुशीत होते. बाबांनी दोन दिवस टेप लावला, "लय साफ आवाज आहे," म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जुन्या रेकॉर्ड प्लेअरसमोर जाऊन बसले. मला वाईट वाटलं. "काहून बाबा, आवडला नाही का तुमाले?" तीनदा विचारल्यावर त्यांनी मान वर केली. "मले कमी आयकू येऊन राहिलं वं. टेपमधी गाणं सरलं तरी समजत नाही. इथं सुई दिसते." मग फिरत्या रेकॉर्डवर अधांतरी बोट धरून म्हणाले, "पाह्य, आता तान येते." आणि खरंच तान आली. "आईले सांगू नको, उगाच फिकर करत बसते." मी टेप कपाटात ठेवला आणि आईला तो बिघडला म्हणून सांगितलं. हल्ली माझाही उजवा कान साथ देत नाही. घरात अजून कुणाजवळ बोलले नाही.