गूळतुला

माणूस जन्मतो एकदाच, पण आमच्या गावच्या सरकारचे वाढदिवस दोन होते. खरा श्रावणात. तेव्हा पैनगंगा फुगलेली असायची. तीन अंगांनी तिचा वेढा, आणि चौथ्या अंगाच्या नाल्याला पाणी चढलं की गावाचं बेट व्हायचं. मग वाशीमचे वकील आणि रिसोडचे व्यापारी काय डोंगीत बसून मेजवानीला येणार? म्हणून सरकारच्या आज्यानं ठरवून टाकलं, गढीचा वाढदिवस पौषात. धान्य घरात आलेलं, नदी घोट्याएवढी, पाहुण्यांच्या दमण्या, बैलगाड्या सरळ दारापर्यंत. गावात त्याला सरकारी वाढदिवस म्हणत. खरोखर पौषात जन्मलेल्यांना कुणी विचारत नसे.

सरकार म्हणजे राजा वगैरे काही नाही. इजारदार. त्याच्या पणज्यानं इंग्रजाकडून गाव इजाऱ्यानं घेतलं आणि तेव्हापासून गावानं त्या घराण्यापुढे मान खाली घातली ती घातलीच. स्वराज्य आलं. मग कायदा आला आणि इजारदारी गेली. शेतसारा तलाठ्याकडे जाऊ लागला. म्हणजे मी सांगते आहे त्या वर्षी त्या माणसाचा आमच्यावर कवडीचाही हक्क उरला नव्हता. तरी पौष आला की सगळं गाव आपणहून वाकायला तयार. ह्याचाच मला संताप यायचा. बळजबरी असती तर एकवेळ समजलं असतं.

वाढदिवशी गढीसमोरच्या निंबाला कापूस मोजायचा मोठा काटा टांगत. एका पारड्यात सरकार मांडी घालून बसायचे, दुसऱ्यात गावाचा गूळ. घरटी एक भेली. काटा जुळला की डफडं वाजायचं, भटजी मंत्र म्हणायचा, मग तो गूळ फोडून मूठमूठ घरोघर यायचा. सरकारनं वाटला म्हणून. आमचाच गूळ, ओवाळायला आमच्याच बाया, आणि पुण्य त्यांच्या खात्यावर. उरलेला गूळ गढीच्या कोठीत जायचा आणि वर्षभर तिथं त्याचा चहा व्हायचा.

वर एक भीती घालून ठेवलेली. गूळ कमी पडून काटा जुळला नाही, तर येत्या पावसाळ्यात नदी गाव घेऊन जाते. म्हाताऱ्या सांगायच्या, असं एकदा झालं होतं आणि भोयांची आळी वाहून गेली होती. कोणत्या साली, ते एकीलाही सांगता येत नसे. पण पाण्याकाठच्या माणसाला पाण्याची भीती घालायला लागतं किती? गढीला ते बरोबर ठाऊक होतं.

त्या पौषात मी बाळंत झाले. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच. मुलगी झाली. सावळी, लांब बोटांची, आणि जन्मल्यापासून भुकेली. माझ्या अंगावर दूधच उतरेना. पोरगी ओढून ओढून दमायची, रडायची, आणि मग तिचं रडणंसुद्धा बारीक होत गेलं. गायीच्या दुधात वात बुडवून तोंडात पिळलं तर सगळं ओकून टाकायची.

सुईण सासूला म्हणाली, "बाळंतिणीच्या पोटात गूळ जाऊ दे, डिंक जाऊ दे, सुंठ जाऊ दे. तिच्याच पोटात काई नाई तं दूध कोठून येईन?"

घरात गूळ होता. पोरीच्या बापानं रिठदच्या बाजारातून दोन भेल्या आणल्या होत्या. लहान भेली गढीसाठी, मोठी माझ्या लाडवांसाठी. मोठी एका अंगानं चेपलेली होती, गाडीत पोत्याखाली दबून. डिंक तळून ठेवलेला होता. सकाळी लाडू वळायचे ठरलं होतं.

त्याच संध्याकाळी कोतवालानं गावभर हाळी दिली. सरकार औंदा अंगानं भरले हायेत, भेल्या मोठ्या आना. ऐकलंत? त्यांनी बसून खाल्लं, अंग वाढवलं, आणि ते तोलून धरायचं काम आमचं.

सकाळी सासूनं दोन्ही भेल्या टोपल्यात घातल्या. मी खोलीतून पाहत होते.

"आत्याबाई, मोठी माही हाय," मी म्हटलं.

"मालूम हाय मले."

"पोट्टी उपाशी हाय."

"अन् नदी आली तं? तुह्या पोट्टीले काय सोडून देईन थे?" तिनं टोपल्यावर फडकं टाकलं. "काटा नाई जुळला तं सारं गाव आपल्या घराकडं बोट दाखवीन. प्रसाद भेटते ना वापस. तो खाय."

"मूठभर?"

तिनं टोपलं उचललं. माझी सासू वाईट बाई नव्हती. माझ्या डोक्याखाली उशी सरकवायची, शेगडीत ओवा टाकायची, पोरीला मायेनं शेकायची. तिचं स्वतःचं पहिलं लेकरू महिन्याचं होऊन गेलं होतं. कशानं गेलं, ते ती कधी सांगत नसे. देवानं नेलं, एवढंच म्हणायची. पण गढीचं नाव निघालं की तिला दुसरं काही दिसत नसे.

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते चौकटीला टेकून उभे होते.

"जाऊ दे," म्हणाले. "पुढच्या बाजारी आनू दुसरी."

जाऊ दे. ह्या दोन शब्दांवर आमच्याकडच्या पुरुषांनी सगळे जन्म काढले. पोरगी पुढच्या बाजारापर्यंत थांबणार होती का? तिला कुणी विचारलं होतं?

सगळे गढीकडे गेले. घरात मी आणि पोरगी. थोड्या वेळानं लांबून माणसांचा गलका ऐकू येऊ लागला. पोरीनं तोंड उघडलं, रडायचं म्हणून, आणि आवाजच निघाला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाळंतीण दहा दिवस खोलीबाहेर पाय टाकत नाही. तिला विटाळ असतो, तिनं शिवलेलं कुणी खात नाही. हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. कानाला फडकं बांधलं, पोरीला पदराखाली घेतलं आणि निघाले. रागच मला चालवत होता.

मी पोचले तेव्हा काटा नुकताच जुळला होता. सरकार जमिनीपासून वीतभर वर, डोक्याला जरीचा फेटा, गळ्यात झेंडूचा हार, हात जोडून पाहुण्यांकडे पाहून हसत होते. डफडं वाजत होतं. दुसऱ्या पारड्यात गुळाचा ढीग, आणि ढिगावर सगळ्यांत वर माझी चेपलेली भेली. शेवटी घातलेली असणार. तिच्यामुळंच काटा जुळला होता.

बाया ओवाळायला पुढं सरकत होत्या. त्यांच्यातून मी वाट काढली आणि भेली उचलली.

गुळाचं पारडं वर गेलं आणि सरकार धप्पदिशी खाली बसले. फेटा डोळ्यांवर आला. डफडं थांबलं. कुणी हसलं नाही, हसायची छाती कुणाची?

"कोन हाय वं हे?" सरकार फेटा सारत म्हणाले.

भटजीनं मला ओळखलं. दोन पावलं मागे सरून तो म्हणाला, "ही बाळंतीण आहे. ही शिवली. सगळा गूळ बाटला."

मग मात्र सरकार वयाला न शोभेल अशा चपळाईनं पारड्यातून उतरले.

"माहा गूळ हाय," मी म्हटलं. आवाज कापत होता, पण निघाला. "माह्या पोरीच्या दुधाचा हाय. तुमचा वाढदिवस सरावनात असते, सरकार. पौषातला हिचा हाय."

एका कडेवर पोरगी, एका कडेवर भेली, मी वळले. पाठीमागं कुजबुज सुरू झाली. बाटलेला गूळ ना कोठीत ठेवता येत होता, ना पाहुण्यांना देता येत होता. शेवटी गढीचा कारभारी ओरडला, "आपापल्या भेल्या उचला अन् ढोरायले घाला." लोकांनी उचलल्या. त्या दिवशी गावातल्या एकाही ढोराच्या तोंडी गूळ गेला असेल असं मला वाटत नाही.

पुढं व्हायचं ते झालं. गढीचं वावर आम्ही बटईनं, पिकाच्या वाट्यावर करत होतो, ते त्या साली दुसऱ्याला दिलं. विहिरीवर बाया माझ्यापासून घागर लांब धरत. मोठ्या पोटाच्या बायांच्या सासवा त्यांना माझ्या वाऱ्यालाही उभ्या राहू देत नव्हत्या. पावसाळा आला तसं सारं गाव माझ्याकडे आणि नदीकडे आळीपाळीनं पाहू लागलं. नदी आली, दरवर्षी येते तेवढीच आली, दरवर्षी थांबते तिथंच थांबली. चुकलो असं मला कुणी म्हणालं नाही. पुढच्या पौषात काटा टांगला नाही. सरकारची तब्येत बरी नव्हती म्हणे.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचंच. मी घरी येऊन खाटेवर पडले. पाठोपाठ सासू आली. मला वाटलं, आता ही मला झोडपणार, आणि मी हातातली भेली घट्ट धरून बसले. तिनं ती माझ्या हातातून घेतली. चुलीपाशी बसून वरवंट्यानं फोडली. पाक केला, डिंक टाकला, सुंठ टाकली, हात भाजत असताना लाडू वळले.

मग ती खोलीत आली. बाळंतिणीच्या खाटेवर कुणी बसत नाही, ती बसली. लाडू माझ्या हातावर ठेवला.

"खाय," म्हणाली.

मी खाऊ लागले. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या कोरड्या ओठांवरून बोट फिरवलं.

"माह्या येळी बी गूळ तेथंच गेलता," ती म्हणाली. "मी नाई उठली."

सासूवरचा माझा राग तिथंच गेला. गढीवरचा अजून आहे.