शेखरच्या अकरा मूर्तींवरची चकाकी

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बुद्धरत्न कांबळे पिंपळे गुरवच्या घराच्या गॅलरीत अकराव्या मूर्तीवर वार्निशचा हात देत होते. अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या मूर्ती. राक्षस, चेटकिणी, चिलखतातले सैनिक. टेबलावर मांडून खेळायच्या. दोन महिने खपून त्यांनी त्या रंगवल्या होत्या. रंग टिकावा पण चकाकू नये, म्हणून शेवटचा हात मॅट वार्निशचा.

सात वाजता ऊन गॅलरीत आलं आणि अकराच्या अकरा मूर्ती लखलखल्या. चेटकिणीच्या डोळ्याखालची काळजीने ओढलेली रेघ दिसेनाशी झाली.

मुलगी मैत्री चहा घेऊन आली. "पप्पा, तेलात तळल्यात का ह्या?"

बुद्धरत्ननी चेटकीण उचलून उन्हात फिरवून पाहिली. चाकणच्या एका कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी गाड्यांवर चकाकीच चढवली होती. गेल्या वर्षी लाइनवर रोबो आले आणि ते घरी बसले. मैत्रीच्या ऑफिसातल्या शेखरने हे काम देताना हसत बजावलं होतं, "काका, गाडीसारखी पॉलिश करून ठेवू नका हां." ते त्यांना लागलं होतं. काम पसंत पडलं, तर शेखरच्या खेळ मंडळाच्या सगळ्या मूर्ती त्यांच्याकडे येणार होत्या.

मैत्रीने बाटली उजेडात धरली. वर पातळ पाणी, तळाला पांढरा गाळ.

"हलवली होती?"

"हलवायची कशाला?"

कारखान्यात रंग पाइपातून यायचा. टाकीत तो चोवीस तास घुसळला जायचा. डबा हलवण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. चकाकी मारणारी पूड तळाशी बसून राहिली होती आणि वरचं नितळ तेवढं मूर्तींवर गेलं होतं.

"उरलेलं घुसळून दुसरा हात देतो. कुणाला कळतंय?"

"आधी या लंगड्यावर मारा." तिने पाय मोडलेला जादा राक्षस पुढे सरकवला.

वीस मिनिटांत राक्षसाच्या तोंडावर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर आला. उरलेल्या वार्निशात आता पूडच जास्त झाली होती.

बुद्धरत्ननी फोन लावला.

"चमकल्या ना?" शेखरने विचारलं.

"चमकल्या. चूक माझी आहे. नवी बाटली आणून दुरुस्त करतो."

"रविवारी सकाळी खेळ आहे, काका. उद्या रात्री आठपर्यंत मिळाल्या तर ठीक. नाहीतर दुसऱ्या बिनरंगाच्या घेऊन बसू. पुढच्या कामाचं मग बघू."

कारखान्यात बिघडलेल्या भागाला लाल चिठ्ठी लागायची. बुद्धरत्ननी मूर्ती खोक्यात ठेवल्या, झाकणाला लाल कागद चिकटवला आणि चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. वापरण्यापूर्वी पाच मिनिटं हलवावी.

वार्निश मिळतं ते थेरगावचं दुकान शुक्रवारी बंद असतं. उद्या ते साडेदहाला उघडेल.